सात गाठी, आठ आठवडे

मूल पोटात राहतं त्या दिवशीच ते आमच्या मोजणीप्रमाणे दोन आठवड्यांचं झालेलं असतं. छपाईची चूक समजू नका. प्रसूतीच्या धंद्यात सगळीकडे हीच रीत आहे आणि तीस-बत्तीस वर्षं मीही ती पाळली. मात्र या रीतीपायी माझ्या हातून एकदा एका बाईचा संसार मोडता मोडता राहिला. संपादकांचं 'नोकरीतल्या आठवणी लिहा' असं पत्र आलं, तेव्हा बदल्या, बढत्या, साहेबांच्या भेटी यांतलं काहीच आठवलं नाही. आठवला तो सात गाठींचा एक दोरा.

काळ मध्यप्रांत-वऱ्हाडचा. कारभार नागपूरहून चाले आणि आमच्यासारखीला नर्सिणीचं शिकायचं तर नागपूरच गाठावं लागे. बाविसाव्या वर्षी कपाळ पुसलं गेलं. वडील शाळामास्तर होते. त्यांनी लोकांच्या बोलण्याला भीक न घालता मला शिकायला पाठवलं. शिकून आले ती चिखलीच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात. एका खोलीत बाळंतिणी, दुसरीत तपासणी, आणि बाहेरच्या पडवीत सासवा. डॉक्टर आठवड्यातून एकदा बुलढाण्याहून यायचे. उरलेले सहा दिवस 'डॉक्टर काय म्हणतात' या प्रश्नाचं उत्तर मीच द्यायची.

बाई आली की पहिला प्रश्न ठरलेला: शेवटची पाळी कधी आली होती? तारीख सांगणारी बाई मला पहिल्या दोन वर्षांत भेटली नाही. "कपाशीची दुसरी वेचणी चालू होती, तवा मी बाहेर बसली होती," असं एखादी सांगे. एकीने सांगितलं, "शेजारच्या म्हशीले रेडकू झालं, त्याच्या दुसऱ्या दिशी." मग मला त्या म्हशीची चौकशी करावी लागली. एक पाटील तर बायकोला घरी ठेवून एकटेच आले, आणि म्हणाले, "तारीख मी सांगतो, तुम्ही पोरगा का पोरगी तेवढं सांगा." मी म्हटलं, "पाटील, जिला होणार आहे तिला पाठवा. तुम्हाला तपासून काही कळायचं नाही." पडवीतल्या सासवा खुदुखुदु हसल्या. पाटील पुन्हा कधी दवाखान्याची पायरी चढले नाहीत, बायकोला मात्र वेळेवर पाठवत राहिले.

या सगळ्यासाठी मी भिंतीवरचं कॅलेंडर शिसपेन्सिलीनं भरून टाकलं होतं. पोळा, दसरा, गावोगावचे बाजार, वेचणीचे दिवस, रमजान-ईदच्या चांदाच्या तारखा, सगळं त्यात होतं. बाईच्या तोंडचा दिवस त्या कॅलेंडरवर सापडला की तिथून आठवडे मोजायचे.

आता पाळीपासूनच का मोजायचं? मूल काही पाळीच्या दिवशी राहत नाही. नागपूरला आम्हाला शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी हे फळ्यावर काढून दाखवलं होतं. पाळी येऊन गेल्यावर साधारण चौदाव्या दिवशी बाईच्या पोटात एक बीज पिकून सुटतं. ते खसखशीच्या दाण्याहूनही कितीतरी बारीक. त्याला पुरुषाचं बीज मिळालं तर मिळालं. मिळालं की त्या एकाचे दोन होतात, दोनाचे चार, चाराचे आठ. तीन-चार दिवस ते असं विभागत विभागत नळीतून गर्भाशयाकडे सरकत असतं, आणि तोवर त्याचा एक गोळा झालेला असतो. बाईंनी टेबलावर एक सीताफळ ठेवलं आणि म्हणाल्या, "हे असं दिसतं. ते डोळ्याला दिसेल इतकं मोठं असतं तर मी फळ कशाला आणलं असतं?" मग त्या गोळ्यात पाणी भरतं, आतून पोकळी होते, आणि सहाव्या-सातव्या दिवशी ते गर्भाशयाच्या भिंतीला चिकटून आत रुजू लागतं. हे सगळं होत असताना बाई जात्यावर दळण दळत असते. तिला पत्ताही नसतो.

हे खरं तर त्या काळी माणसाच्या पोटात कोणी पाहिलेलं नव्हतं. ससे, माकडं, डुकरं यांच्यावरून ताडलेलं होतं. आमच्या पुस्तकातली बरीचशी चित्रं डुकराची होती. पण ते पुढे येईलच.

तर मूल राहण्याचा दिवस कोणालाच कळत नाही, आणि पाळीचा दिवस बाईला पक्का ठाऊक असतो. म्हणून ठाऊक असलेल्या दिवसापासून मोजायचं. या मोजणीत पहिले दोन आठवडे पोटात मूल नसतंच. हे मला इतकं अंगवळणी पडलं होतं की ते कोणाला सांगावं लागेल, असं कधी मनातही आलं नाही. माझी चूक इथेच झाली.

जानेवारीची थंडी होती, संक्रांत नुकतीच झाली होती. उंद्रीहून हलीमाबी आपल्या धाकट्या सुनेला, जैबुनला, घेऊन आल्या. पिंजाऱ्याचं घर. थोरला मुलगा करीमभाई कापूस पिंजायचा, गाद्या भरायचा, थोडी शेतीही बघायचा. धाकटा रशीद यवतमाळकडे कापसाच्या एका जिनात फिटर होता. लग्नाला तीन वर्षं होऊन जैबुनला पहिल्यांदाच दिवस गेले होते. हलीमाबींचा आनंद पोटात मावत नव्हता. पडवीत बसल्या बसल्या त्यांनी इतर सासवांना खारका वाटल्या.

जैबुन आत आली. अठरा-एकोणीस वर्षांची, उलट्यांनी गळून गेलेली. मी नेहमीचा प्रश्न विचारला. तिने दाराकडे पाहिलं, पडदा नीट ओढलेला आहे याची खात्री केली, आणि कमरेच्या बटव्यातून एक काळा दोरा काढला. त्याला सात गाठी होत्या.

"एकविसावा रोजा सुटला माहा," ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली. "एकवीसपासून सत्तावीसवर. सात."

रमजानात बाईला पाळी आली तर ते दिवस रोजा ठेवायचा नाही आणि सुटलेले रोजे पुढे सवडीनं भरून काढायचे, हे मला चिखलीत आल्यावर कळलं होतं. एक रोजा सुटला की दोऱ्याला एक गाठ मारायची, तो भरून निघाला की ती सोडायची, ही रीत मात्र मी पहिल्यांदाच पाहत होते.

"ईदनंतर ठेवायचे होते," ती म्हणाली. "पण पोटात काही ठरूनच नाही राह्यलं. बाई, आता ठेवू का?"

"आता एकही नाही," मी म्हटलं. "गाठी राहू देत. बाळ झाल्यावर बघ."

तिला हायसं वाटलं. मी कॅलेंडरवर रमजानच्या चांदाची एकवीस तारीख शोधली, आठवडे मोजले, तपासून पाहिलं. बोटांनाही तेवढंच लागलं. चिठ्ठीवर लिहिलं: 'गरोदर. ८ आठवडे. गूळ, शेंगदाणे, पालेभाजी द्यावी. चार आठवड्यांनी यावे.' हलीमाबींनी चिठ्ठी डोळ्यांना लावली आणि चोळीत ठेवली. त्यांना वाचता येत नव्हतं.

आठच दिवसांनी हलीमाबी सर्व्हिस मोटारीनं एकट्या आल्या. खारका नव्हत्या. पडवीत न थांबता सरळ आत येऊन त्यांनी चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली.

"बाई, हे आठ हफ्ते तुमी कुठून आणले?"

मला प्रश्नच कळला नाही.

"करीमनं वाचली चिठ्ठी. त्याले मराठी चौथीवर येते. त्यानं बोटावर मोजलं. आठ हफ्त्याखाली रमजान चालू होता. अन् रशीद तर दसऱ्याले गेला तो ईदीलेही आला नाही. जिनवाल्यानं सुट्टीच नाही देल्ली. ईदीच्या तिसऱ्या दिशी आला, नऊ दिवस राह्यला अन् गेला. बारा दिवस कमी पडून राह्यले, बाई. करीम म्हणते, हे बारा दिवस कोणाचे?"

करीमभाईंनी भावाला पत्र लिहून ठेवलं होतं. पुढच्या मंगळवारी ते टपालात पडणार होतं, आणि जैबुनची रवानगी लोणारला माहेरी होणार होती. पत्र एकदा गेलं की पुढे काय होणार हे सांगायला कोणी नको होतं. जैबुन दोन दिवस जेवली नव्हती.

जे मूल खरं सहा आठवड्यांचं होतं, त्याला मी आठ आठवड्यांचं लिहिलं होतं. आमच्या रीतीप्रमाणे ते बरोबरच होतं. पण चिठ्ठी माझ्या रीतीच्या लोकांच्या हातात जाणार नव्हती. ती जाणार होती एका दिराच्या हातात, आणि त्यानं आठ म्हणजे आठच धरले, तर त्यात त्याचं काय चुकलं?

मी हलीमाबींना खाली बसवलं आणि सांगितलं, की आम्ही पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो, मूल त्यानंतर दोन आठवड्यांनी राहतं. त्या ऐकत होत्या. मध्येच त्यांनी हात वर केला.

"थांबा. कोणत्या दिवसापासून मोजलं?"

"एकविसाव्या रोजापासून."

हलीमाबींची बोटं मांडीवर हलायला लागली. मग एकदम कपाळावर हात मारून म्हणाल्या, "या अल्ला! ते सात दिवस तर मीच तिले दुपारी भात झाकून नेऊन देत होती! ते दिवस येऊन गेले म्हणजे त्याच्या पह्यले पोटात काईच नव्हतं. अन् मंग पाचव्या-सहाव्या दिशी रशीद आला. बाई, हे तर मले इचारलं असतं तरी मीच सांगतलं असतं!"

खरंच, चार लेकरं जन्माला घातलेल्या बाईला माझ्या फळ्याची गरज नव्हती. "मग करीमभाईंना सांगा," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा उतरला. "मर्दाले? हे?"

मग त्यांनी मला जे सांगितलं त्यानं मी थक्क झाले. रमजानात घरातली कोणतीही बाई, रोजा असो वा नसो, पहाटे सगळ्यांबरोबर सहरीच्या जेवणाला उठते, संध्याकाळी सगळ्यांबरोबर इफ्तारला, रोजा सोडायला, बसते. ज्या दिवशी रोजा नसेल त्या दिवशी दुपारी दोन घास खाते ते दार लोटून, भिंतीकडे तोंड करून. घरातल्या पुरुषांना कधी कळता कामा नये. कळलं तर का ते कळेल, आणि त्याहून मोठी शरम नाही. "माहा मालक गेला," हलीमाबी म्हणाल्या, "त्याले मरेस्तोवर वाटत होतं का हलीमानं एक रोजा नाही सोडला."

म्हणजे जैबुनला निर्दोष ठरवणारा पुरावा घरातच होता, आणि तो तोंडातून काढता येत नव्हता.

"मी येते," मी म्हटलं. "मी सांगते."

रविवारी सकाळी मी उंद्रीला गेले. करीमभाईंनी अंगणात खाट टाकली. तिशी ओलांडलेला, कापसाचे तंतू दाढीत अडकलेला शांत माणूस. मी मनात त्याला राक्षस करून ठेवलं होतं. तो माझ्यासाठी पाण्याचा तांब्या स्वतः घेऊन आला. हलीमाबी चुलीपुढे ज्वारीचं पीठ मळत होत्या. जैबुन आतल्या खोलीत होती, दार लोटलेलं.

"बाई, मी वाईट मानूस नाही," करीमभाई म्हणाले. "पण भाऊ दूर आहे. त्याच्या मागं त्याच्या इज्जतीचा राखनदार मीच."

मी परातीतलं पीठ घेतलं. एक गोळी केली, तिच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ. आठ गोळ्या एकमेकींना चिकटवून म्हटलं, "हे तिसऱ्या-चौथ्या दिवसाचं बाळ. सीताफळासारखं. अजून ते वाटेतच आहे, घरी पोचलेलं नाही." मग गोळ्यात बोट खुपसून पोकळी केली आणि परातीच्या कडेला चिकटवली. "हे सातव्या दिवसाचं. आता रुजलं."

"हे कोणी पाह्यलं?" करीमभाईंनी विचारलं.

"सशाच्या पोटात पाहिलंय," मी म्हटलं. डुकराचं नाव मी उंद्रीत घेतलं नाही, आणि माझ्या गुरू डॉक्टरीणबाईंनीही मला त्याबद्दल क्षमाच केली असती.

हलीमाबी पिठाच्या त्या गोळीकडे टक लावून बघत होत्या. "इतलंसं?" त्या म्हणाल्या. "अन् याचा करीम होते?"

करीमभाईंना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. "आमचे मौलवीसाहेब सांगतात," ते म्हणाले, "चाळीस दिवस थेंब राहते, मंग चाळीस दिवस रक्ताची गोठ. त्याहीचं मोजनं थेंबापासून. तुमचं काऊन नाही?"

माणूस हुशार होता. मी म्हटलं, "थेंबाचा दिवस तुमच्या अल्लाला ठाऊक, करीमभाई. मला ठाऊक नाही. मी बाईला तोच दिवस विचारू शकते, जो तिला ठाऊक असतो. तुम्ही शेती करता ना? समजा पिकाचं वय मी वखरणीपासून मोजते, पेरणीपासून नाही. वावर साफ झालं तो दिवस मी धरते. पेरणी त्यानंतर दोन आठवड्यांनी."

त्यांनी वाकून बोटानं मातीत दोन रेघा ओढल्या. वखर त्यांना पटला होता, हे मला दिसत होतं. पण मग त्यांनी मान वर केली.

"ठीक. पण वखरणीचा दिवस खरा कशावरून? तो तिनंच सांगतला ना? एकविसाव्या रोजापासून म्हणता. बाई, माह्या घरात कोणाचा एक रोजा सुटला नाही. मी सोता पाह्यलं. रोज सहरीले उठत होती, इफ्तारले बसत होती."

मी हलीमाबींकडे पाहिलं. माझ्या तोंडून हे निघालं असतं, तर परक्या बाईनं घराची शरम अंगणात मांडली असं झालं असतं, आणि शरमेपायी हलीमाबींनीच ते नाकारलंही असतं. माझ्या गोळ्या परातीत तशाच पडल्या होत्या.

हलीमाबींनी पिठाचे हात धुतले. हळूच उठल्या, आत गेल्या, आणि परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात दोन दोरे होते. सात गाठींचा काळा मला ओळखू आला. दुसरा जुनाट होता, मळून तपकिरी झालेला, एकही गाठ नसलेला, पण गाठी मारून सोडून जागोजाग पिळवटलेला.

"करीम," त्या म्हणाल्या. "तुले वाटते ना, तुह्या मायनं जिंदगीत रोजा नाही सोडला? हा माहा दोरा. दर वर्साले गाठी मारल्या अन् सोडल्या. तू पोटात होता त्या रमजानच्या तीस गाठी याच्यावरच होत्या. तुह्या बापाले नाही समजलं, तुले नाही समजलं, काऊन का आमी समजू नाही देल्लं. आता समज. एकविसाव्यापासून सत्ताविसाव्यावर जैबुनले दुपारचा भात मी नेऊन देत होती. ह्या हातानं. आता त्या पोरीवर बोट ठेवाचं असंन तं पह्यले मायावर ठेव."

करीमभाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. ते उठले आणि आमच्याकडे पाठ करून अंगणाच्या टोकाला जाऊन उभे राहिले. आतल्या दारामागून हुंदका ऐकू आला. हलीमाबी परत पिठाशी बसल्या आणि माझ्या गोळ्या मोडून त्यांनी त्यांची भाकरी थापायला घेतली.

भाकरी तव्यावर पडली तेव्हा करीमभाई न वळताच बोलले. "मूल कधी येईन?"

"पोळ्यानंतर. आठ-दहा दिवस इकडे-तिकडे."

"पत्र घरच्या पेटीत ठेवतो," ते म्हणाले. "टपालात टाकत नाही. पोळ्यावर थांबतो."

माझ्या शब्दाला इतकीच किंमत मिळाली, आणि ती कमी नव्हती. जैबुन माहेरी गेली नाही. पण घरी परतताना मोटारीत माझ्या लक्षात आलं की मी स्वतःलाच कात्रीत अडकवून घेतलं आहे. ठरलेल्या दिवशी येणारं मूल विरळा. दोन-तीन आठवडे आधी आलं, तर माझी वखरणी आणि हलीमाबींचे दोन्ही दोरे पाण्यात गेले असते. एरवी मूल वेळेवर यावं म्हणून धडपडणारी मी, त्या उन्हाळ्यात हे मूल उशिरा यावं म्हणून देव पाण्यात घालून बसले होते.

आणि व्हायचं तेच झालं. पोळ्याला अजून पंधरा-वीस दिवस होते. सकाळी आठच्या सुमाराला उंद्रीहून निरोप आला: जैबुनच्या पोटात दुखतंय. मी पेटी उचलली. वाटेत एकच विचार: अजून नको, बाळा, अजून थोडं थांब. ज्या बाईला कळा येताहेत तिच्या मुलानं येऊ नये म्हणून प्रार्थना करणारी नर्स मी एकटीच असेन.

पोचले तो अंगणात तीन दगडांच्या चुलीवर पाण्याचा हंडा चढला होता आणि करीमभाई फुंकणीनं जाळ करत होते. ओली लाकडं, धुरानं डोळे लाल. मी आत जायच्या आधी त्यांच्याजवळ थांबले.

"करीमभाई, एक ऐकून ठेवा. मुलं आधीही येतात. तीन आठवडे आधी येणं ही काही मोठी गोष्ट नाही. आज आलं तर तुम्ही बोटं मोजत बसाल, म्हणून आधीच सांगते..."

"बाई," ते म्हणाले, "आज आलं तरी चालते. कधी बी येऊ द्या. फक्त जितं येऊ द्या. अन् पोरगी बी जिती राहू द्या."

मग त्यांनी बंडीच्या खिशातून घडी घातलेलं ते पत्र काढलं. ते पेटीत नव्हतं, ते सगळे महिने अंगावरच होतं. जाळ धरत नव्हता. त्यांनी ते लाकडांच्या खाली सरकवलं आणि वाकून फुंकर घातली. जाळ धरला.

मी आत गेले तेव्हा माझ्याच डोळ्यांना धार लागली होती. हलीमाबींना वाटलं, धूर.

कळा खोट्या निघाल्या. दुपारपर्यंत थांबल्या, तो हंडाभर पाणी जैबुनच्या अंघोळीला लागलं. पोळा झाला, आणि पोळ्यानंतर सहाव्या दिवशी भर दुपारी मुलगी झाली. गोरीपान, जावळ भरपूर, आणि आवाज असा की पिंजण थांबवून करीमभाई दाराशी आले. त्यांनी कॅलेंडर पाहिलं नाही, बोटं मोजली नाहीत. आधी विचारलं, "दोघी बऱ्या हायत ना?" आणि मग मान खाली घालून म्हणाले, "रशीदले तार करतो."

रशीदला त्या पत्राबद्दल कधी कळलं की नाही, मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही.

त्या वर्षापासून माझ्या प्रत्येक चिठ्ठीवर दोन ओळी असत: 'पाळीपासून इतके आठवडे. मूल राहून इतके आठवडे.' एका तपासणीस आलेल्या साहेबांनी विचारलं, दोनदा कशाला लिहिता, शाई फुकट जाते. मी म्हटलं, "जाऊ द्या, साहेब." पण त्यापूर्वीच्या दोन-तीन वर्षांत मी एकच आकडा लिहिलेल्या कितीतरी चिठ्ठ्या गावोगाव गेल्या होत्या. त्या कोणी वाचल्या, कोणत्या अंगणात कोणी बोटांवर मोजल्या, कोणाला माहेरी पाठवलं, हे मला कधीच कळणार नाही. सगळ्यांच्या सासवा हलीमाबी नव्हत्या.

पुढे बऱ्याच वर्षांनी वर्तमानपत्रात वाचलं, की विलायतेकडच्या डॉक्टरांनी माणसाचं ते पहिल्या आठवड्यातलं बीज खरोखरच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. दोनाचं, चाराचं, मग गोळा. चित्रही होतं. अगदी सीताफळ. मी ते कात्रण कापून ठेवलं आणि मला परातीतल्या गोळ्या आठवल्या. माझी ज्वारी फार चुकली नव्हती.

पण शेवटचं सांगायचं आहे ते वेगळंच. चार वर्षांनी, रमजान चालू असताना, मला उंद्रीत दुसऱ्या एका घरी बोलावणं आलं होतं. काम आटोपून दुपारी हलीमाबींकडे डोकावले. त्या नमाजाला बसल्या होत्या. जैबुन चुलीपाशी होती आणि तिची लेक अंगणात कापसाच्या बोंडांशी खेळत होती. जैबुननं मला चहा दिला, स्वतःला भात वाढून घेतला आणि हसत काळा दोरा दाखवला. नवीन दोन गाठी होत्या, तिसरी आजची.

"अन् त्या सात?" मी विचारलं.

"लेक झाली त्याच हिवाळ्यात सुटल्या," ती म्हणाली. "अम्मीनं माह्यासंगं सातही रोजे ठेवले. तिचे काही बाकी नव्हते, तरी."

आम्ही बोलत होतो तेवढ्यात फाटकाशी कोणीतरी मोठ्यानं खाकरलं. मग पुन्हा एकदा, आणखी मोठ्यानं. मी दचकून जैबुनच्या ताटाकडे पाहिलं. म्हटलं, आता झाकेल, भिंतीकडे तोंड करेल.

ती तशीच बसली होती. दार सताड उघडं होतं.

"भाईजान आहेत," ती करीमभाईंबद्दल म्हणाली. "रमजानात असेच करतात, चार वर्सं झाले. खाकरतात अन् तिथंच थांबतात, आपून आवाज देईपर्यंत." तिने निवांत पुढचा घास घेतला. "तुमी चहा प्या, बाई. गडबड नाही. ते थांबतीन."